यारकंदच्या वाटेवरचं लेह

लेहच्या मुख्य बाजारात वरच्या टोकाला जामा मशीद आहे आणि तिच्या मागच्या बोळात नानवायांची दुकानं. उजाडायच्या आत तिथले तंदूर तापलेले असतात. कणकेचा गोळा हातावर थापायचा, तंदुराच्या आतल्या भिंतीला चिकटवायचा, फुगून लाल झाला की लांब सळईने ओढून काढायचा. हे करणाऱ्याला मान वर करायला उसंत नसते. समोर गर्दीत गोन्चा, म्हणजे लांब लडाखी झगा घातलेली म्हातारी बौद्ध बाई, वर्दीतला जवान, हॉटेलात काम करणारा नेपाळी पोरगा आणि आईने पिटाळलेला शाळकरी मुलगा. रोट्या कागदात गुंडाळून छातीशी धरून घरी न्यायच्या, म्हणजे हातही शेकतात. बोळातून वर पाहिलं की डोक्यावरच मातकट रंगाचा नऊमजली राजवाडा दिसतो आणि त्याच्याही वर, सुळक्यावर, त्सेमोचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ.

मशिदीपासून चार पावलांवर, बाजारातच, बौद्धांचा चोखांग विहार आहे. थोडं बाजूला गेलं की मोरेवियन चर्च. शियांचा इमामबाडा जवळच, आणि गुरू नानकांनी दातून रोवून उगवलं अशी श्रद्धा असलेल्या जुन्या झाडापाशी गुरुद्वाराही. हे सगळं पायी, आणि दम लागला तर दोनदा थांबून, अर्ध्या तासात बघून होतं.

जगाच्या टोकाचं, जगापासून तुटलेलं बौद्ध गाव अशी लेहची ख्याती पर्यटनाच्या पुस्तिकांनी करून ठेवली आहे. ती अर्धीच खरी. लेह तुटलं ते अगदी अलीकडे, विसाव्या शतकाच्या मध्यावर. त्याआधीची काही शतकं काश्मीर, पंजाब, तिबेट आणि चिनी तुर्कस्तान इथले रस्ते या गावात येऊन मिळत होते. शांत डोंगरी एकांतात जपलेला म्हणून जो बौद्ध वारसा आपण पाहायला जातो, तोही बराचसा या वर्दळीतच घडलेला आहे.

दिल्लीहून निघालेलं विमान सकाळीच उतरतं. दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो, म्हणून बहुतेक उड्डाणं सकाळची. विमानतळाला कुशोक बकुला रिनपोछे यांचं नाव आहे आणि त्यांचा स्पितुक गोम्पा धावपट्टीशेजारच्या टेकडीवरच उभा आहे. हे लामा खासदार होते आणि १९९० ते २००० अशी दहा वर्षं मंगोलियात भारताचे राजदूतही. साम्यवादी राजवटीत अनेक दशकं दडपलेला तिथला बौद्ध धर्म पुन्हा उभा राहिला, त्यात त्यांचा वाटा मोठा मानतात. लेहचं नातं दिल्लीइतकंच उलान बातोरशीही लागतं, हे विमानातून उतरता उतरताच कळलं.

उंची सुमारे ३,५०० मीटर. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण खाली असतं तेवढंच असतं, पण हवाच विरळ असल्यामुळे प्रत्येक श्वासात तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश मिळतो. शरीर याची सवय करून घेतं, पण आपल्या वेळेने. मी उतरले होते त्या चांगस्पामधल्या घराशेजारी पुण्याहून आलेली मंडळी होती. त्यातले एक काका आठवड्यातून दोनदा सिंहगड चढणारे. त्या भरवशावर त्यांनी पहिल्याच दुपारी शांती स्तूपाच्या पायऱ्या गाठल्या आणि रात्री त्यांना डॉक्टरांकडे न्यावं लागलं. व्यायामाने दमसास वाढतो, पण विरळ हवेशी जुळवून घ्यायचा वेळ कमी होत नाही. धट्टेकट्टे लोक इथे जास्त आजारी पडतात, कारण ते ऐकत नाहीत. आमच्या यजमानीणबाईंनी, आमा-लेंनी, मला लोणी-मिठाचा गुरगुर चहा दिला आणि बजावलं, ‘आज जिना एकदाच चढायचा. राजवाडा चारशे वर्षं उभा आहे, उद्याही असेल.’

त्या चहाबद्दल एक. त्याला चहा समजून प्यायलं तर घशाखाली उतरत नाही. पातळ सार समजून प्यायलं, सोबत खंबीरचा, म्हणजे आंबवलेल्या जाड रोटीचा तुकडा असला, की दुसरी वाटी आपणच मागतो.

दुसऱ्या दिवशी त्सेमोच्या वाटेवरून खाली पाहिलं तेव्हा गावाची घडण समजली. हिमालयाने मोसमी ढग पलीकडेच अडवलेले, त्यामुळे इथे वर्षभरात पडतो तो पाऊस-बर्फ मिळून सुमारे १०० मिलिमीटर. डोंगर उघडेबोडके, तपकिरी, जांभळट, कुठे गंधकासारखे पिवळे. आणि त्यांच्या पायथ्याशी, ओढ्याच्या दोन्ही अंगांनी, कात्रीने कापून चिकटवावी तशी हिरवळ. जिथवर पाट पोचतो तिथवर सातू, वाटाणा, लसूणघास, सफेद्याची आणि विलोची झाडं. पाटाच्या एक हात वर दगडगोटे. हिरव्या आणि तपकिरीच्या मधली ही रेघ पावसाने आखलेली नाही, माणसांनी आखली आहे.

त्या आखणीचे नियम जुने आणि काटेकोर आहेत. वरच्या हिमनद्या आणि बर्फ उन्हाळ्यात वितळतं, ते पाणी युरा नावाच्या पाटांनी गावात येतं, रात्रीचं पाणी झिंग नावाच्या तळ्यात साठतं. कोणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी, हे छुरपोन ठरवतो. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीतल्या पाटकऱ्याचं जे काम तेच याचं. गावाने नेमलेला माणूस, आणि त्याचा शब्द पेरणीच्या दिवसांत सरपंचापेक्षा वजनदार. घरंही याच हिशेबाची. उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा, वर सफेद्याची तुळई, तिच्यावर विलोच्या काठ्या, गवत आणि माती. छत सपाट, कारण पाऊस नाही. आणि छतावर रचलेला चारा-सरपण, कारण हिवाळ्यात पारा शून्याखाली वीसपर्यंत उतरतो. संडास वरच्या मजल्यावर, जमिनीला भोक पाडलेला, पाण्याशिवायचा. वापरून झालं की फावडंभर माती-राख लोटायची. वसंतात खालच्या खोलीचं दार उघडलं की शेताला खत तयार. पाणी नाही, वास नाही, वाया काही नाही. नव्या पाहुण्याला ही सोय मागास वाटते. ती किती पुढारलेली होती, हे लेहला आता कळू लागलं आहे. त्याकडे पुढे येईन.

बाजाराकडे परत. तो इतका रुंद का, असा प्रश्न पहिल्या फेरीतच पडतो, कारण बाकीच्या लेहमध्ये दोन गाढवं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागेल अशा गल्ल्या आहेत. हा बाजार डोग्रा राजवटीत, एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. इथे काफिल्यांचे घोडे आणि उंट उतरायचे, आणि मधूनच दुकानांच्या फळ्या लावून पोलोचा सामनाही व्हायचा. आज मोटारींना बंदी आहे. पदपथाच्या कडेला गावोगावच्या बायका टोपल्या घेऊन ओळीने बसतात: पालक, मुळे, सलगम, वाटाणा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये जर्दाळू. त्यातला ‘रक्त्से कार्पो’, पांढऱ्या बीचा लडाखी जर्दाळू, तिथेच उभ्याने खायचा. तो इतका रसाळ असतो की दोन दिवसांचा प्रवासही सोसत नाही. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

इथून यारकंदला जायचं तर वाट खार्दुंग ला चढून नुब्रात उतरायची, मग सासेर ला, मग काराकोरम खिंड. शेवटची साडेपाच हजार मीटरच्या वर. वाटेत कित्येक मुक्कामांना गवताची काडी नाही. जनावरांच्या हाडांचे ढीग हीच वाटेची खूण, असं त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे. तरी माणसं जात राहिली, कारण माल किमती होता. उत्तरेकडून रेशीम, गालिचे, नमदे, घोडे आणि पंजाबात खपणारा यारकंदी चरस. दक्षिणेकडून सुती कापड, नीळ, मसाले, पोवळी आणि बनारसी किनखाब. चांगथांगच्या पठारावरून पश्म यायची ती लेहमार्गे श्रीनगरच्या मागांवर जायची. होशियारपूरचे लाला इथे गाद्या टाकून बसले होते. यारकंदी व्यापारी हिवाळ्यात खिंडी बंद झाल्या की इथेच अडकायचे. त्यांनी लडाखी बायकांशी संसार थाटले आणि त्यांची मुलं ‘अरघोन’ म्हणवली गेली. काफिल्यांची वाटाडेगिरी हा या अरघोनांचा खास व्यवसाय. त्यातल्याच गुलाम रसूल गलवान नावाच्या लेहच्या माणसाने पोरवयात साहेबांच्या काफिल्यात हमाली सुरू केली, पुढे मोडक्यातोडक्या इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, ते १९२३ साली छापून आलं. त्याच्याच नावाची नदी २०२० च्या जूनमध्ये, तिथल्या भारत-चीन चकमकीमुळे, घरोघरी पोचली. तेव्हा टीव्हीवर गलवानचं नाव दिवसाला शंभरदा आलं. वाटाड्याची आठवण क्वचित कोणी काढली.

खार्दुंग लाची खिंड आज मोटारीने दीड-दोन तासांत गाठता येते. तिथली उंची १८,३८० फूट असल्याची पाटी कित्येक वर्षं मिरवत होती आणि तिच्यासमोर लाखो फोटो निघाले. प्रत्यक्ष मोजणीत ती साडेसतरा हजारांच्या जरा वर भरते. म्हणजे आठशे फूट पाटीनेच चढवलेले. गंमत अशी की साडेसतरा हजार फुटांवर उभ्या राहिलेल्या माणसाला वरच्या आठशेंची काहीच गरज नसते. डोकं तसंही ठणकतच असतं.

राजवाड्यात शिरताना वाकावं लागतं. आत अंधार, जिने उभे, आणि खोल्यांमागून खोल्या रिकाम्या. राजघराणं डोग्रांच्या स्वारीनंतर सिंधूपलीकडे स्तोकला गेलं. डोग्रांचा सेनापती झोरावरसिंग याने लडाखवर पहिली चढाई केली ती १८३४ साली. आता वास्तू भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि पडलेले मजले पुन्हा उभे केले आहेत. तिला ‘छोटा पोताला’ म्हणायची वाईट खोड वाटाड्यांना लागली आहे. राजा सेंगे नामग्यालने हा वाडा बांधला आणि तो १६४२ साली वारला. ल्हासाच्या आजच्या पोतालाचं काम सुरू झालं १६४५ मध्ये. तुलना करायचीच तर पोतालाला मोठं लेह म्हणावं लागेल.

सेंगे नामग्याल हा लडाखचा सर्वांत मोठा बांधकामी राजा. हेमिसचा मठ त्याच्या आश्रयाने उभा राहिला, बासगोला मैत्रेयाचं मंदिर, ठिकठिकाणी मणी-भिंती. या राजाची आई मुसलमान होती. त्याचे वडील जाम्यांग नामग्याल यांनी बाल्टिस्तानशी लढाई काढली, हरले, स्कार्दूच्या अली शेर खानाच्या कैदेत पडले आणि त्याचीच मुलगी ग्याल खातून हिच्याशी लग्न करून परतले. तहाचा भाग म्हणून आलेली ही राणी पुढे लडाखी बौद्धांनी तारादेवीचा अवतार मानली. लडाखी नवं वर्ष, लोसार, तिबेटपेक्षा दोन महिने आधी साजरं होतं, तेही याच स्वारीमुळे, असं सांगतात: राजाला हिवाळ्यात कूच करायचं होतं, ‘वर्ष पालटेपर्यंत थांबा’ असं पुरोहित म्हणाले, तर त्याने वर्षच अलीकडे ओढलं. लढाई हरली, सण मात्र तिथेच राहिला.

बाजारातली जामा मशीद १६६० च्या दशकातली, औरंगजेबाशी झालेल्या कराराची परिणती. पण त्याहून विलक्षण करार १६८४ चा, तिंगमोसगांगचा. तिबेट आणि लडाख यांच्यातल्या युद्धानंतर ठरलं की लेहहून दर तीन वर्षांनी भेटवस्तू घेऊन एक तांडा ल्हासाला जाईल: लोपचाक. बौद्ध राजाकडून दलाई लामांच्या दरबारात जाणारी ही धार्मिक भेट. ती घेऊन जाण्याचं काम मात्र पिढ्यान्‌पिढ्या लेहच्या मुसलमान व्यापारी घराण्यांकडे होतं, कारण रस्ता, जनावरं, भाषा आणि उधारी या चारही गोष्टी त्यांना ठाऊक. अशाच घराण्यातले अब्दुल वाहिद राधू १९४२ च्या लोपचाकसोबत ल्हासाला गेले आणि त्या प्रवासाचं पुस्तक त्यांनी पुढे लिहिलं. दोन धर्म ‘गुण्यागोविंदाने’ राहत, हे वाक्य मला पुरत नाही. इथे एका धर्माचा नजराणा दुसऱ्याच्या खेचरांवरून, हिशेबाच्या वहीत नोंद होऊन जात होता, आणि त्यात दोघांचाही फायदा होता. म्हणून तर व्यवस्था अडीच शतकं टिकली.

जर्मन आले ते मिशनरी म्हणून. मोरेवियन पंथाच्या धर्मप्रसारकांना तिबेटमध्ये शिरायचं होतं, तिथे मज्जाव, म्हणून त्यांनी आधी लाहौलमध्ये केलाँगला आणि १८८५ मध्ये लेहला ठाण मांडलं. त्यांच्या दवाखान्याच्या पहिल्या डॉक्टरांचं नाव होतं कार्ल मार्क्स. दाढीवाल्या मार्क्सशी नावापलीकडे संबंध नाही. हा मार्क्स डोळ्यांची ऑपरेशनं करायचा, लडाखच्या राजांची बखर भाषांतरित करायचा, आणि १८९१ साली साथीच्या तापात इथेच वारला. त्याच्यामागून आलेल्या फ्रांकेंनी शिलालेख टिपले, लोकगीतं गोळा केली, लडाखचा इतिहास लिहिला आणि १९०४ साली तिबेटी लिपीत लडाखी वर्तमानपत्र काढलं. माणसं फारशी ख्रिस्ती झाली नाहीत. पण विणकामाच्या सुया घरोघरी गेल्या. बाजारातल्या ज्या लोकरी मोज्यांना आज ‘पारंपरिक लडाखी’ म्हणून विकतात, त्यांचं मूळ मिशनच्या विणकामवर्गात आहे.

या साऱ्यांच्या वस्तू एकत्र पाहायच्या तर त्सास सोमा बागेतल्या मध्य आशियाई संग्रहालयात जावं. जागा मुद्दाम निवडलेली: काफिल्यांच्या उतरण्याची. दगडी मनोऱ्यासारखी नवी इमारत, आत खोगिरं, समोवार, चिनी पेले, यारकंदी झगे. मी गेले तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. बाहेर बाजारात मात्र याकच्या लोकरीच्या नावाखाली लुधियानाच्या शाली घेणाऱ्यांची झुंबड.

रस्ता तुटला तो झटक्यात. १९४९ मध्ये शिनजियांगमध्ये साम्यवादी सत्ता आली आणि यारकंदची वाट बंद झाली. पुढच्या दहा-बारा वर्षांत तिबेटचीही. त्याआधीच, १९४८ च्या मेमध्ये, एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी जनरल थिमय्यांना घेऊन डाकोटा विमान लेहच्या वाळवंटी पट्टीवर उतरवलं होतं. ती धावपट्टी सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने गावकऱ्यांना हाताशी धरून तयार केली होती. घोड्यांची वाट मिटली आणि फौजेची, विमानांची सुरू झाली. जे गाव मध्यावर होतं ते सीमेवर आलं. १९७४ साली सरकारने लडाख पर्यटकांना खुलं केलं तेव्हा आलेल्यांना ते ‘अस्पर्श’ वाटलं. पंचवीस वर्षांच्या कोंडीला त्यांनी सनातन एकांत समजलं.

२००९ च्या ‘थ्री इडियट्स’नंतर आकडे बदलले, २०२२ साली पाच लाखांहून जास्त पर्यटक आले. २०११ च्या जनगणनेत लेह शहराची वस्ती होती साधारण ३१ हजार. या पाहुण्यांत मराठी किती, ते बाजारात कान उघडे ठेवले की कळतं. ‘अगं, इथे वडापाव मिळतो’ हे वाक्य मी चोखांग विहाराच्या दारात ऐकलं. पँगाँगच्या काठी तर आता शिवछत्रपतींचा तीस फुटी पुतळा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये लष्कराने त्याचं अनावरण केलं. तिथे तैनात असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाला तो पाहून काय वाटत असेल, हे मला समजतं. पण चुशूलच्या लोकप्रतिनिधीने तेव्हा विचारलेला प्रश्नही रास्त होता: उभारण्याआधी इथल्या माणसांना विचारलं का? पुतळ्यासमोर फोटो काढताना आपल्यापैकी कोणाच्या मनात तो येत नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

आणि पाणी. पाहुण्याला शॉवर हवा, फ्लश हवा, धुतलेल्या चादरी हव्यात. ओढ्याचं पाणी पुरत नाही, म्हणून हॉटेलांनी विंधनविहिरी घेतल्या. सांडपाणी शोषखड्ड्यात, म्हणजे पुन्हा त्याच भूजलाच्या अंगावर. ज्या गावात छुरपोनच्या परवानगीशिवाय ओंजळभर पाणी वळत नसे, तिथे आता उन्हाळ्यात सकाळी टँकर फिरतात. आमच्या आमा-लेंच्या घरात दोन्ही सोयी होत्या: पाहुण्यांना फ्लशचा, घरच्यांना मातीचा. हिवाळ्यात नळ गोठतात तेव्हा पाहुणेही दुसऱ्याच्या दारात रांग लावतात, असं त्या हसत सांगत होत्या.

उलटा घोरही आहे. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली. थोडक्या वेळात कोसळलेल्या त्या पावसामुळे चिखलाचे लोंढे बसस्थानक, जिल्हा रुग्णालय आणि चोगलमसरमधून गेले. दोनशेहून अधिक माणसं गेली. न पडणाऱ्या पावसासाठी बांधलेली घरं ती, भिंती विरघळल्या. त्यानंतर ज्याला परवडलं त्याने सिमेंट आणलं, जे हिवाळ्यात बर्फासारखं गार पडतं. माती की सिमेंट हा प्रश्न बाहेरच्या वास्तुप्रेमींना सोपा वाटतो. ज्याच्या छतातून पाणी गळतं त्याला तो तसा नसतो. जुन्या लेहमध्ये, राजवाड्याच्या पायथ्याशी, काही घरं जुन्याच पद्धतीने दुरुस्त झाली आहेत; ‘लामो’ या कलासंस्थेने तर मुन्शी आणि ग्याऊ या दोन पडक्या घरांत आपलं दालन थाटलं आहे. छत त्याच मातीचं.

हिमनद्या मागे सरताहेत आणि पेरणीच्या एप्रिल-मे महिन्यांत पाट कोरडे. यावर पहिला उपाय शोधला तो चेवांग नोर्फेल या सरकारी अभियंत्याने: शरदात वाया जाणारं पाणी डोंगराच्या सावलीतल्या बांधांमागे पसरवून गोठवायचं, म्हणजे ते वसंतात गावाजवळच वितळतं. या कृत्रिम हिमनद्यांसाठी त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याचंच पुढचं रूप केलं. उंचावरचं पाणी नळीने खाली आणून कारंजासारखं उडवायचं, थंडीत ते थेंब गोठत गोठत शंकू उभा राहतो. पृष्ठभाग कमी म्हणून ऊन कमी लागतं, म्हणून तो उशिरा वितळतो. आकार छोर्तेनसारखा, म्हणजे स्तूपासारखा, म्हणून हिमस्तूप. याचा फोटो सुंदर येतो हे खरं, पण गावकऱ्यांना त्याचं मोल मे महिन्यात सातू किती उगवला त्यावरून कळतं.

बाजारातला एकोपाही कायमचा नव्हता. १९८९ मध्ये बौद्ध संघटनेने मुसलमानांवर सामाजिक बहिष्कार पुकारला, तो १९९२ पर्यंत चालला. त्या वर्षांत नात्यातल्या नात्यात जेवणं तुटली, कारण इथे एकाच घराण्यात दोन्ही धर्म असणं नवलाचं नव्हतं. ३१ ऑक्टोबर २०१९ ला लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला तेव्हा लेहने जल्लोष केला. मग जमीन आणि नोकऱ्यांची धास्ती वाढली, आणि राज्याचा दर्जा व सहाव्या अनुसूचीच्या मागणीसाठी बौद्धबहुल लेह आणि शियाबहुल कारगिल एकत्र आले. २४ सप्टेंबर २०२५ ला लेहमधल्या आंदोलनाला हिंसक वळण लागलं आणि चार जणांचा जीव गेला. हे गाव निव्वळ शांततेचं चित्र म्हणून पाहणाऱ्यांना ती बातमी पचली नाही.

वर्दळीत घडलेला तो बौद्ध वारसा पाहायचा तर अल्चीच्या देवळांत जावं: सिंधूच्या काठाने पश्चिमेला पासष्ट-सत्तर किलोमीटर. वाटेत निम्मूला झंस्कार नदी सिंधूला मिळते. बाकी गोम्पे टेकडीच्या माथ्यावर किल्ल्यासारखे. अल्ची मात्र नदीकाठच्या सपाटीवर, जर्दाळूंच्या बागेत दडलेलं. परंपरा ते अकराव्या शतकातले थोर अनुवादक रिनचेन झांगपो यांच्या नावावर टाकते. अभ्यासक साधारण बाराव्या-तेराव्या शतकाचा काळ सांगतात. आज इथे मठ नांदता नाही. लिकिरचे भिक्षू किल्ल्या सांभाळतात.

अल्चीतल्या सुमत्सेक या देवळाच्या लाकडी दर्शनी भागावरच्या कमानी त्रिदली, काश्मीरच्या देवळांत असतात तशा. आत फोटो काढायला बंदी, आणि ते उत्तम आहे. डोळे अंधाराला सरावले की तीन बाजूंच्या कोनाड्यांत तीन उभे बोधिसत्त्व दिसतात, प्रत्येक दोन पुरुषांहून उंच, डोकी वरच्या मजल्यात गेलेली: अवलोकितेश्वर, मैत्रेय, मंजुश्री. मातीच्या या मूर्तींची धोतरं बघायची. मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धचरित्र, मंजुश्रीच्या धोतरावर चौऱ्याऐंशी सिद्ध, आणि अवलोकितेश्वराच्या धोतरावर देवळं, वाडे, घोडेस्वार, माणसांची ये-जा, काश्मीरच्या कुठल्याशा नगराचं चित्र. बोटभर माणसांच्या भुवया मोजता येतील इतकं बारीक काम. शेजारच्या सभागृहात भिंतीवर राजाच्या मद्यपानाचा प्रसंग आहे. त्याच्या अंगातला झगा, कमरेचा पट्टा, डोक्याचं बांधणं सगळं तुर्की-इराणी थाटाचं. बौद्ध देवळात, बौद्ध राजा, काश्मिरी चिताऱ्याच्या हातचा, मध्य आशियाई पोशाखात.

काश्मीरच्या खोऱ्यातली त्या काळची बौद्ध भित्तिचित्रं उरली नाहीत. ती कशी असतील हे पाहायचं तर इथे, खिंडीपलीकडच्या या गावात यावं लागतं. चितारी रस्त्याने आले आणि त्यांचं काम रस्त्याच्या कडेला राहिलं.

किल्लीवाल्या भिक्षूला जेवायला जायचं होतं. त्याने दोनदा खाकरून, तिसऱ्यांदा टॉर्च बंद करून ते कळवलं.

परतताना निम्मूच्या टपरीवर ड्रायव्हर मंडळींत वाद रंगला होता. इथून पदुममार्गे दारचाला जाणारा नवा रस्ता झाला आहे. शिंकू ला खालच्या बोगद्याचं काम २०२४ मध्ये सुरू झालं, तिकडे झोजिलाचा बोगदाही खणला जातो आहे. दोन्ही पुरे झाले की लेह हिवाळ्यातही उघडं राहील. एकाचं म्हणणं, जानेवारीत भाजी स्वस्त होईल. दुसरा म्हणाला, भाजी स्वस्त होईल पण तुझ्या गाडीत बसेल कोण, सगळे मनालीहून स्वतःच्या गाड्या घेऊन येतील. तिसऱ्याने हिशेब मांडला की बाहेरच्या गाड्यांना लेहच्या आत फिरवायला युनियन देणारच नाही. टपरीवाल्याला या कशातच रस नव्हता. हिवाळ्यात टपरी उघडी ठेवायची तर पाण्याचा नळ गोठणार नाही अशी जागा त्याला आत्तापासूनच शोधायला हवी होती.